लाल तार उजवीकडे

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
९ जून २०२५

गुरू,

हे पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. तुझ्या सुनेला देवनागरी येत नाही, नातवाला मराठी कळतं पण वाचता येत नाही. म्हणजे बेंगळूरच्या त्या घरात माझं अक्षर ओळखणारा तू एकटा गुरुमूर्ती. म्हणून फोन न करता लिहितो. फोन तसाही तू उचलत नाहीस.

हात कसा आहे? विचारायचा हक्क मला नाही, ठाऊक आहे. संस्थेत, प्राचार्य विनुता मॅडमच्या खोलीत, सगळ्या शिक्षकांसमोर, "हा हात धरून शिकवणार म्हणे, ह्याचा हातच थरथरतो" असं मी बोललो, आणि तू चहा तसाच ठेवून उठलास. त्या चहावर साय धरली होती. ती साय अजून डोळ्यांपुढे येते. पण तूही काय कमी बोललास? "सूर्या, वायरिंग ही फोनवर बघायची गोष्ट नव्हे. पोराला खांद्याआड उभं केल्याशिवाय हात शिकत नाही." दोघं निवृत्त झालो तरी भांडण वर्कशॉपमधलंच.

तर ऐक. तू हरलास. आपल्या संस्थेच्या वर्कशॉपचं छत अजून दुरुस्त होतंय, वायरमनच्या वर्गाची मुलं घरी बसून आहेत, आणि त्यांना शिकवतोय मी, ह्या गल्लीतून. मी धडा फोनवर घेतो, विनुता मॅडम तो यूट्यूबवर घालते, मुलं घरी बघतात, लाकडी फळीवर सराव करतात आणि फोटो ग्रुपवर टाकतात. मी शेरा लिहितो. एक पोरगा पापनाशमच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत धडा बघतो म्हणे. आपल्या वेळी असं असतं तर?

चित्रण कसं केलं सांगतो, हसशील. फोन पितळी तपेल्याला टेकवून ठेवला, पडदा माझ्याकडे, म्हणजे मी चौकटीत आहे की नाही ते मलाच दिसावं. पंखा बंद, कारण त्याची घरघर धड्यात येते. आणि इथला उकाडा तुला सांगायला नको. सदरा काढून बनियनवर बसलो. थ्री-पिन सॉकेटचा धडा असा घामात न्हाऊन झाला.

कनकलतेनं तो पाहिला आणि पहिलं काय बोलली असेल? "अहो, हे काय? जानवं उजव्या खांद्यावर? सॉकेटसमोर बसून कोणाचं श्राद्ध करताय?"

म्हटलं, "घामानं सरकलं असेल."

"सरकून सरकून खांदा बदलतं होय?"

"बायको, धडा बघ, जानवं काय बघतेस?"

"धडा मुलांनी बघावा. मी माझं बघते."

अपसव्य म्हणजे पितरांचं काम. संध्याकाळी ती देवापुढे जास्त वेळ बसली. मी हसण्यावारी नेलं.

दुसरं काही नाही. मास्तरांची तळ्याची कविता सकाळपासून जिभेवर आहे. आठवतं? राजवाड्यालगतच्या त्या अरुंद खोलीत मराठीचा वर्ग, बाहेर तमिळ भाजीवालीची आरोळी, आणि आपण हात मागे बांधून उभे. त्यांनी स्वतःच आपल्यासाठी रचलेली:

काठावरुनी एक वाकला,
तळातूनही एक वाकला;
हाही हसला, तोही हसला —

चौथी ओळ गेली. पूर्ण गेली. तुझं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं होतं. एवढी एक ओळ लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

सूर्या


तंजावूर
१४ जून २०२५

गुरू,

तुझं उत्तर नाही. नसेना का.

आजकालच्या मुलांची तक्रार तुझ्याशी नाही तर कोणाशी करू? तेन्मोळी म्हणून एक मुलगी आहे, ओरत्तनाडूच्या पुढच्या एका खेड्यातली. वर्गातली सगळ्यांत हुशार. काल दुपारी तिनं ग्रुपवर फोटो टाकला. फळीचा नव्हे, घरातल्या खऱ्या बोर्डाचा! खाली लिहिलं, "आमच्या ग्राइंडरचं सॉकेट जळलं होतं. नवं मी जोडलं, सार. अम्मा सगळ्यांना सांगते आहे." आणि फोटोत लाल तार डावीकडे. फेज डावीकडे! पहिल्या वर्षाचं पोर झोपेत सांगेल की समोरून पाहताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. मी तिथेच, सगळ्यांदेखत लिहिलं, "उलटं जोडलंस. डोळे कुठे होते? व्हिडिओ नीट बघ."

आता तुला एक विचारतो, केवळ शास्त्र म्हणून. समज, एका घरात सॉकेट असं उलटं जोडलेलं आहे. ग्राइंडर जुना, आत ओल. आणि खेड्यातल्या जुन्या घरात अर्थिंग असतंच असं नाही, तार नुसती भिंतीत शिरलेली असते. बाईनं ग्राइंडरचं बटण बंद केलं, भिंतीवरचं चालूच ठेवलं, आणि ओल्या हातानं दगड धुवायला घेतला. बटणानं तुटलं ते न्यूट्रल. फेजची जिवंत तार तर आत उभीच. तुझ्या मते —

गुरू, हे मी काय लिहितोय? शास्त्र म्हणून!

तिच्यानंतर ग्रुपवर आणखी फोटो आले. फळ्यांचे. एकाचा, दुसऱ्याचा, मग भराभर. सगळ्यांच्या लाल तारा डावीकडे. अख्खा वर्ग एकदम आंधळा होतो का? मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो, कनकलतेला म्हटलं, बघ ही मुलं. तिनं पोळपाटावरून मान वर केली आणि म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं ना, तुमचं जानवं उलटं दिसतंय म्हणून?"

मी धडा लावून पाहिला. जानवं उजव्या खांद्यावर. घड्याळ उजव्या मनगटात. मी डाव्या हातानं पेचकस फिरवतोय. मी, जो जन्मभर उजवा! पडदा माझ्याकडे ठेवला की ह्या फोनचा कॅमेरा आरशासारखं टिपतो आणि तसंच साठवतो. नाव, शीर्षक विनुता मॅडमनं नंतर वरून बसवलं, ते सुलटं, म्हणून कोणाला शंका आली नाही. आणि फोनकडे तोंड करून धरलेल्या सॉकेटमध्ये मी लाल तार उजवीकडे घातली, पण ज्यांनी पाहिली त्यांनी डावीकडे पाहिली.

तोंडानं "उजवीकडे" म्हणालो असतो तरी एखादं पोर थबकलं असतं. पण मी "इंगे, इंगे" म्हणत होतो, "इथं, इथं". वर्कशॉपची सवय. तिथं बोट दाखवलं की पुरे.

तू समोर कधीच कोणाला उभं राहू दिलं नाहीस. "समोरून सगळं उलटं दिसतं, माझ्या खांद्याआड ये." आम्ही तुझी नक्कल करायचो.

तेन्मोळीचा फोन कालपासून बंद आहे.

सूर्या


तंजावूर, जुना बस स्टँड
१५ जून २०२५

गुरू,

बसची वाट बघत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस. माझाही हात हलतोय.

विनुता मॅडमनं धडा यूट्यूबवरून काढला. "सार, घाबरू नका, पुष्कळशा मुलांनी नुसत्या फळीवर केलं आहे," म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. ग्रुपवर मी लिहिलं की धडा आरशासारखा उलटा आहे, माझी चूक आहे, कोणीही तसं जोडू नका, जोडलं असेल तर मेन बंद करा. "ओके सार" आले. अंगठे आले. एकानं विचारलं, "सार, आम्ही तो धडा चुलत्यांना पाठवला होता, त्यांनाही सांगू?" सांग रे बाबा, सांग! यूट्यूबवरून काढला तरी धडा फोनफोनांत राहतो म्हणे. तू एकदा फळ्यावर चुकलास तेव्हा हातानं पुसून टाकलंस आणि पांढऱ्या तळव्यानं चहा प्यायलास. हे कशानं पुसू?

सगळ्यांची उत्तरं आली. तिचं नाही. घरचा दुसरा नंबर संस्थेत आहे, त्यावर एक पुरुष बोलला. मी "तेन्मोळीचा मास्तर" एवढं म्हणालो आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तरी बरं. ठेवून का दिला? माणूस असा फोन कधी ठेवतो?

कनकलतेनं डबा दिला आहे. घास उतरणार नाही हे तिलाही ठाऊक. निघताना म्हणाली, "जानवं नीट आहे ना?" आणि स्वतःच माझ्या सदऱ्याच्या आत हात घालून पाहिलं.

पिशवीत टेस्ट लॅम्प, पेचकस, नवं सॉकेट, अर्थिंगची तार आणि नळी घेतली आहे. जणू वेळेत पोचतोय.

बस लागली.


तंजावूर
१७ जून २०२५

गुरू,

जिवंत आहे. ती बाई जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुला पान उलटेपर्यंत थांबायला नको. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ओरत्तनाडूला छत्रमपाशी, त्या जुन्या धर्मशाळेपाशी, उतरलो आणि पुढे रिक्षा केली. कालव्याला पाणी सुटलंय, दोन्ही बाजूंना नांगरट. मी काहीच पाहिलं नाही. घरापुढे रांगोळी होती. गुरू, ती पांढरी रांगोळी बघून मी रिक्षातच रडलो. ज्या घरात काही घडतं त्या घरापुढे रांगोळी नसते ना?

तेन्मोळीची आई ओसरीवर बसली होती. उजवा तळवा फडक्यात बांधलेला, कोपर सुजलेलं. तिच्याशेजारी तेन्मोळीचा मामा. तोच फोन ठेवणारा. मी नाव सांगितलं.

"या, या! यूट्यूब वाध्यार आले," तो म्हणाला. "पोरीला फोन बघून वायरिंग शिकवता. उद्या फोन बघून बाळंतपण शिकवा."

झालं ते नेमकं तसंच, जसं मी तुला "शास्त्र म्हणून" विचारलं होतं. फोटो टाकला त्याच संध्याकाळी. डोशांचं पीठ वाटून झालं, आईनं ग्राइंडरचं बटण बंद केलं, ओल्या हातानं दगड उचलायला गेली आणि भिंतीवर जाऊन आदळली. शेजारणीनं मेन पाडला. मामानं त्या बोर्डाचा फ्यूज काढून खिशात घातला, पोरीचा फोन ट्रंकेत टाकला आणि निकाल दिला, आता संस्था बंद. लग्नाचं बघू. ग्राइंडरवर पोतं पांघरलेलं होतं.

तेन्मोळी दारात उभी. माझ्याकडे बघेना. म्हणाली, "तुम्ही लिहिलेलं वाचलं, सार. मग व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात लाल डावीकडेच दिसत होती. मला वाटलं, माझे डोळेच फिरले. मी तो तिसऱ्यांदा बघत होते, तेवढ्यात अम्मा ओरडली."

मी माझा फोन काढला. यूट्यूबवरून काढलेला धडा त्यात होताच. म्हटलं, "इकडे ये. ह्यात माझं घड्याळ कोणत्या हातात आहे?"

"उजव्या."

"आता माझ्याकडे बघ."

तिनं पाहिलं. माझ्या डाव्या मनगटाकडे, मग फोनकडे, मग पुन्हा मनगटाकडे. मग वळली आणि माझ्याशी नाही, मामाशी बोलली, "मामा, माझे डोळे बरोबर होते."

बस, एवढंच. मी घरून तोंडपाठ करून नेलेलं क्षमेचं भाषण तसंच राहिलं.

"म्हणजे चूक वाध्यारांची?" मामा.

"माझीच," मी म्हटलं. "तिनं बघितलं तसं केलं. मी उलटं दाखवलं, आणि वर तिलाच आंधळी म्हटलं."

मामा दाढी खाजवत बसला. "कबूल करणारा वाध्यार पहिल्यांदा बघतोय," म्हणाला. "पण पोरगी बोर्डाला हात लावणार नाही. तुमचं तुम्ही दुरुस्त करा आणि बस पकडा."

"तिनंच केलं पाहिजे," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. 

शेवटी आई बोलली.  "करू दे तिला. वाध्यार जवळ उभे राहतील."

मी समोर उभा राहिलो नाही, गुरू. तिच्या खांद्याआड उभा राहिलो. तिचा खांदा हातभर खाली, मला वाकावं लागलं, कंबर ओरडत होती. मेन बंद. तिनं उलटं सॉकेट काढलं, नवं घेतलं, लाल तार हातात धरून थांबली. मी बोललो नाही. तिनं स्वतःशी पुटपुटून उजवीकडे घातली. अर्थची तार भिंतीतून ओढून पाहिली तर हातभर येऊन संपली, पुढे काहीच नाही. मग अर्थिंगसाठी परसात खड्डा. तो मामानं खणला, खणताना मला आणि विद्येला नावं ठेवत, पण चांगला खोल खणला. नळी, मीठ, कोळसा, सगळं रीतसर. ग्राइंडरची मोटर दुपारभर उन्हात वाळवली. मामानं खिशातला फ्यूज परत बसवला, मेन चालू केला. ग्राइंडरच्या पत्र्याला टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही, म्हणजे पत्र्यात वीज उतरत नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा तेन्मोळीनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"आता चालू कर," मी आईला म्हटलं.

ती हलली नाही. "वाध्यारे, माझा हात ओला होता. तुमचाही ओला करा. मग पोरीला बटण दाबू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मापाला माप, एवढंच.

पोरीनं तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. ते कोपरावरून ओघळून धोतरात गेलं. लॅम्प पेटला नव्हता, अर्थ दिला होता, सगळं बरोबर होतं. पण हे बरोबर असल्याची खात्री मला त्या तपेल्यापुढे बसलो होतो तेव्हाही होतीच की! हात पुढे केला. आणि बघ, नेमकी तेव्हा, पन्नास-साठ वर्षांच्या धुळीतून, मास्तरांचा आवाज आला आणि चौथी ओळ आली:

हात लाविता तोच हरवला.

हात मागे घेतला मी. सगळ्यांदेखत. मामा हसला नाही. तेन्मोळीचं बोट बटणावर, आणि चेहरा असा, की मी आता हात ठेवला नाही तर ती जन्मात तारेला शिवणार नाही. तिचे डोळे बरोबर होते हे मी नुसतं तोंडानं सांगितलं होतं.

ठेवला. थंड पत्रा. म्हटलं, "दाब."

घरघर सुरू झाली. तळव्याखाली नुसती थरथर, दगड फिरतो त्याची. बाकी काही नाही. मग तिनं ग्राइंडरचं बटण बंद केलं, जशी तिची आई करते तसं, भिंतीवरचं चालू ठेवून. मी दुसराही हात ओला करून ठेवला. काही नाही, गुरू. काही काही नाही.

आईनं पोतं घडी करून बाजूला ठेवलं. मामानं ट्रंक उघडली. निघताना डबाभर मावु दिलं, आंबवलेलं पीठ, शेजारणीकडून मागून आणलेलं. कनकलतेनं त्याचे डोसे घातले आणि मला विचारलं, "का रडताय?"

सूर्या


तंजावूर
३० जून २०२५

गुरू,

नवा धडा तेन्मोळीला घेऊन करायचा, फोन धरायला ये, असं मधे लिहिलं होतं, त्यावर तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वर-खाली करून पाहिलं, त्याला अक्षरं कळेनात. मला कळली, वाकडी असली तरी. "जानवं सव्य कर. फोन मी धरणार नाही, हात हलतो. तुमच्या मागे उभा राहतो." ना नमस्कार, ना सही. तू चहा तसाच ठेवून गेलास त्याचं हेच उत्तर असेल तर मला पुरे.

वर्कशॉपचं अर्धं छत झालं आहे. धडा पुन्हा तिथेच करायचा. फोन टांगायचा स्टँड विनुता मॅडमनं आणला, तो तेन्मोळीच्या खांद्यावरून खाली बघेल. हात तिचे, बोलणं माझं, आणि प्रत्येक वाक्यात "उजवी", "डावी" म्हणणार, "इंगे" नाही. काल रंगीत तालीम केली. कनकलतेनं पाहिली. धडा नाही, आधी माझा खांदा. म्हणाली, "आता नवरा ओळखू येतो."

तरी मनाला स्वस्थता नाही. जुना धडा कुठल्या तरी फोनमध्ये, कुठल्या तरी चुलत्याकडे अजून आहे. गल्लीत वीज गेली की मी उठून दारात येतो. कोणाच्या घरून ओरडण्याचा आवाज आला, कोणी मुलाला हाक मारली, तरी येतो. रोज ग्रुपवर तेच लिहितो. मुलं आता हसणारे चेहरे पाठवतात. पाठवू देत.

गुरुवारी ये. स्टेशनवर येईन. आणि मी चुकून तिथे नसलो, तर सरळ गल्लीत ये, पण दारावरची बेल दाबू नकोस. हाक मार. बेल मीच जोडली आहे.

सूर्या